दिवसा झोपणारी वस्ती

"पाच मिनिटं कुणी बोलू नका हं," असं सांगून टेलरमास्तरांनी चपला दाराशी काढल्या, खिशातला रुमाल घडी करून डोक्याखाली घेतला आणि रिकाम्या हॉलच्या मधोमध, पंख्याच्या बरोबर खाली, ते फरशीवर उताणे पसरले. हात पोटावर, डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या माणसाचा गंभीरपणा.

एजंटबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. भाड्याची घरं दाखवण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सगळे नळ सोडून बघणारे, भिंतींवर टिचक्या मारणारे, खिडकीतून शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे न्याहाळणारे, असले सगळे नमुने त्यांनी पचवले होते. पण प्रत्येक घरात शिरल्याबरोबर आडवं होणारं गिऱ्हाईक त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

"कंबर अजून धरते का हो त्यांची?" शेवटी त्यांनी मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे सिस्टरच्या, कानाशी येऊन विचारलं.

"नाही हो. घर बघतायत."

"डोळे मिटून?"

"कानांनी बघतात ते," सिस्टर म्हणाली आणि हसू लपवायला खिडकीकडे वळली.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या सुतारानं यंत्र चालू केलं. लाकूड चिरल्याचा आवाज जिन्यानं वर आला, खिडकीतून आत आला, फरशीतूनसुद्धा आला असावा, कारण मास्तर विंचू चावल्यासारखे ताडकन उठून बसले.

"नापास," ते म्हणाले. "चला."

"अहो, पण उजेड बघा, हवा बघा!" एजंटबाई कळवळल्या. "तो सुतार काय, संध्याकाळी दुकान बंद करून घरी जातो."

"संध्याकाळचं आम्हाला काय करायचंय?" मास्तर पाठीवरची धूळ झटकायला बघत म्हणाले. हात पोचेना, म्हणून सिस्टरनं मागून झटकली. "आमची रात्र सकाळी सुरू होते, बाई. दुपारी तुमचा सुतार गप्प बसतो का, तेवढं सांगा."

सुतार दुपारी गप्प बसत नव्हता. तिघंही जिना उतरली.

आता एवढ्या मोठ्या माणसावर भर दुपारी लोकांच्या फरश्यांवर लोळायची वेळ का यावी, तर सिस्टरच्या झोपेपायी. लेक पाळण्यात होती तेव्हापासून सिस्टर इस्पितळात रात्रपाळी करत आली. ती काही तिनं हौसेनं मागितली नव्हती. पदरात पडली, आणि पुढे अशी अंगवळणी पडली की वॉर्डातल्या इतर जणी रात्रपाळीच्या नावानं बोटं मोडायच्या आणि ही त्यांच्याही रात्री स्वतःच्या अंगावर घ्यायची. सकाळी घरी यायची, अंघोळ करायची, मास्तरांच्या हातचा चहा प्यायची आणि जाड पडद्यामागे जी आडवी व्हायची ती दिवस कलल्यावरच उठायची.

तेवढ्या वेळात घरात टाचणी पडली तरी मास्तरांचा जीव वरखाली व्हायचा. घरात मांडलेलं शिलाईचं मशीन त्यांनी उचलून रस्त्यापलीकडच्या गाळ्यात नेलं. दारावरच्या घंटीची वायर काढून टाकली. कुकरची शिटी वाजते म्हणून उघड्या पातेल्यात स्वयंपाक करायला शिकले. लोखंडी कपाट गुडघा लावून बिनआवाजाचं उघडायची एक युक्ती त्यांनी शोधून काढली होती, ती घरात फक्त त्यांनाच जमायची. आणि लेक? लेक तर तोंडातून आवाज न काढता हसायला शिकली. आजही हॉस्टेलमध्ये ती हसते तेव्हा नुसते खांदे हलतात, आणि नव्या मैत्रिणी घाबरून विचारतात, अगं, रडतेस का?

तळहातावरच्या फोडासारखी जपली त्यांनी ती झोप. शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस बाई. सिस्टरलाही ते मनापासून पटायचं. आणि म्हणूनच गेले काही आठवडे तिच्या तोंडाला कुलूप लागलं होतं.

झालं होतं असं, की या नव्या शहरातल्या मोठ्या इस्पितळानं तिला एका अख्ख्या वॉर्डाची प्रमुख म्हणून बोलावलं. तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, "दिवसपाळी की रात्रपाळी? तुमचा अनुभव बघता तुम्ही म्हणाल ते." आणि विचार करायच्या आधीच हिच्या तोंडून निघून गेलं, "दिवसपाळी." घरी जाऊन सांगेपर्यंत तिला धीर नव्हता. पण घरी पोचते तो, नोकरी मिळणारच हे धरून, मास्तरांनी दुकान आवरायला काढलेलं. कापड काय, कुठल्याही गावात कापता येतं, असं गिऱ्हाइकांना सांगून मोकळे. पुढच्याच दिवशी ते एकटे नव्या शहराला चक्कर मारून आले ते सदऱ्याची पाठ पांढरीफटक करून.

"तू निर्धास्त राहा," ते म्हणाले होते. "तुझ्या झोपेची सोय लागल्याशिवाय मी घर घेत नाही. प्रत्येक घरात स्वतः पडून बघणार आहे."

इतक्या उत्साहानं म्हणाले की तिनं मूग गिळले. त्याच वेळी सांगून मोकळं व्हायला हवं होतं, हे तिलाही कळत होतं. पण अशा गोष्टीचं एक असतं, एकदा वेळ टळली की दर दिवशी ती सांगणं जास्तच जिवावर येतं. मग तिच्या सुट्टीच्या दिवशी रात्रपाळी आटोपून दोघं सकाळच्या बसनं यायची, ती त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपायची, आणि ते खांदा हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं तिकीट काढायचे. असल्या माणसाला काय सांगणार?

ते रागावतील याची तिला भीती नव्हती. मास्तरांचा राग कपातला चहा निवेपर्यंतसुद्धा टिकत नसे. तिला धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. सगळे म्हणत, मास्तर-सिस्टरच्या घरात कधी भांड्याला भांडं लागत नाही. खरंच लागत नव्हतं. पण दोन्ही भांडी एका वेळी एका जागी होती कधी? ती यायची तेव्हा ते जायच्या घाईत, ती उठायची तेव्हा ते दुकानात, ते परतायचे तेव्हा हिची डबा भरायची गडबड. सुट्टीच्या रात्री तिला काही केल्या झोप येत नसे, म्हणून ते हट्टानं तिच्याबरोबर पत्ते खेळत बसत, आणि पहाटे ती लवंडली की अंघोळ करून कामाला लागत. अख्ख्या वॉर्डाची झोप तिला तोंडपाठ होती. कोण दात खातं, कोण झोपेत आईला हाक मारतं, कोण कूस बदलली की खोकतं. आणि आपला नवरा झोपतो कसा, हे तिला धड ठाऊक नव्हतं. आता रोज संध्याकाळी, रोज रात्री, दोघं एकाच वेळी घरात असणार. आणि आपलं इतकी वर्षं जमलं ते केवळ आपण पाळीपाळीनं राहत होतो म्हणून, असं लक्षात आलं तर?

सुताराच्या घरातून बाहेर पडल्यावर मास्तर चहा आणायला गेले, तेवढ्या वेळात तिनं लेकीला फोन लावला.

"आई, अजून नाही सांगितलंस?" लेकीनं बहुधा कपाळावर हात मारून घेतला. "बाबा किती घरांत लोळले?"

"मोजायचं सोडून दिलंय मी."

"अगं, अडचण काय आहे तुला? आनंदानं उडी मारतील ते."

"उडी मारतील गं. पण उडी मारून झाल्यावर काय? तुझे बाबा आणि मी, असे सलग... बोलायचं काय आम्ही?"

पलीकडे थोडा वेळ आवाजच नव्हता. म्हणजे लेक हसत होती.

"हसू नकोस. मी खरंच विचारतेय."

"तुम्ही दोघंही ना, अगदी लहान मुलं आहात," लेक दम घेत म्हणाली. "आजच्या आज सांगून टाक. नाहीतर ते तुला एखाद्या स्मशानाशेजारी घर घेऊन देतील, शांत आहे म्हणून."

लेकीच्या जिभेला काही हाड नाही. पण तिचं म्हणणं त्याच दुपारी जवळजवळ खरं ठरलं.

एजंटबाईंनी गाडी शहराच्या पार टोकाला, एका ओळीनं बांधलेल्या बैठ्या घरांच्या वस्तीत नेली. गाडीतून उतरल्या उतरल्या मास्तर थबकले. भर दुपार, आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक खिडकीला जाड, गडद पडदे. काही काचांना आतून पुठ्ठे लावलेले. कोपऱ्यावरच्या दुकानाला कुलूप आणि पाटीवर 'सायंकाळी उघडेल'. एका फाटकाच्या कडीला वाजू नये म्हणून फडकं गुंडाळलेलं होतं. एक म्हातारी झाडांना पाणी घालत होती, तीसुद्धा तांब्या अगदी बुंध्याशी टेकवून, हलक्या हातानं. तिनं यांच्याकडे बघून नुसती मान डोलावली.

एजंटबाईंचा आवाज आपोआप खाली आला. "त्या भिंतीपलीकडे पार्सलांचं मोठं गोदाम आहे. सगळा माल रात्री उतरतो. इथली निम्मी माणसं तिथे कामाला, उरलेली वर्तमानपत्राच्या छापखान्यात आणि पावाच्या कारखान्यात. अख्खी वस्तीच रात्रपाळीची म्हणा ना. दिवसा इथे कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नाही."

मास्तरांनी सिस्टरकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

"बघितलंस?" ते कुजबुजले. "सगळी तुझ्यासारखीच."

आणि खरं सांगायचं तर सिस्टरचाही पाय तिथे घुटमळला. आयुष्यभर तिला दिवसा झोपण्याची लाज वाटत आली होती. पाहुणे म्हणायचे, अजून झोपलीय? दूधवाला म्हणायचा, बाई आजारी आहेत का? इथे कुणालाच काही सांगावं लागलं नसतं. आज संध्याकाळी इस्पितळात फोन करून पाळी बदलून घेतली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. सगळं होतं तसंच राहिलं असतं, आणि होतं ते वाईट कुठे होतं?

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. मास्तरांनी चपला काढल्या आणि आडवे झाले. एजंटबाईंचा फोन थरथरला म्हणून त्या चवड्यांवर चालत बाहेर गेल्या. मास्तर बराच वेळ तसेच पडून राहिले. मग मिटल्या डोळ्यांनीच हसले.

"ऐक."

"काय?"

"तेच तर. काहीच नाही."

सिस्टरनं खिडकीतून समोरच्या पुठ्ठा लावलेल्या काचेकडे पाहिलं.

"मी येता येताच सगळा विचार केला," ते हळू आवाजात सांगायला लागले. "मशीन इथे चालायचं नाही. सगळी वस्ती उठून बसेल. आणि दिवसा मापं द्यायला येणार कोण? तर मी हातशिलाईचं काम घेईन. काजं, बटणं, दुमडी. शहरातल्या एखाद्या मोठ्या दुकानाचं. बसल्या जागी, बिनआवाजाचं. मशीन देऊन टाकू कुणाला तरी."

मशीन देऊन टाकू! लग्नात अंगावर घातलेला सदरा ज्या मशीनवर स्वतः शिवला, ज्याच्यासमोर बसलं की त्यांचा पाय थांबता थांबत नसे, ते मशीन. आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठे उपकाराचा लवलेश नव्हता. असता तर एक वेळ तिनं सोसलं असतं. आता मात्र तिला राहवेना. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी ती फरशीवर आडवी झाली.

"अहो, एक सांगायचंय."

"सांग की."

"मी दिवसपाळी घेतलीय."

मास्तरांनी डोळे उघडले.

"कधी?"

"पहिल्यापासूनच. त्यांनी विचारलं तेव्हा मीच मागून घेतली."

"मागून घेतलीस?" मास्तर उठून बसले. "आणि मी इकडे... अगं, या शहरातली एक फरशी सोडली नाही मी! त्या बाईंना वाटतंय माझी कंबर कामातून गेलीय. परवा एकटा आलो तर त्यांनी मला चोळायला तेल आणून दिलं!"

"घेतलंत?"

"घेतलं. एवढ्या मायेनं आणलं, नाही कसं म्हणणार?"

सिस्टरनं तोंडावर हात दाबला, पण उपयोग झाला नाही. ती फस्सकन हसली, आणि मग मोठ्यानं, पोट धरून. शेजारच्या घरातून कुणीतरी भिंतीवर ठकठक केलं. दोघंही चोरी पकडल्यासारखी गप्प झाली. मास्तरांचेही खांदे हलायला लागले होते, पण मध्येच ते थांबले आणि तिच्याकडे वळले.

"तुला बरं नाही का? सोसत नाही का आता रात्रपाळी? माझ्यापासून काही लपवतेस का?"

"काही झालेलं नाही मला. ठणठणीत आहे."

"मग का?"

"मला तुमच्याबरोबर बसून रात्रीचं जेवायचं होतं," ती म्हणाली. "ते मागितलं. आणि मागून बसल्यापासून भीती वाटतेय. आपलं पटेल का हो?"

"इतक्या वर्षांनी विचारतेस पटेल का?"

"इतकी वर्षं आपण दोघं एका वेळी जागे होतो कधी? भांडण नाही, भांडण नाही म्हणून मिरवतो आपण. भांडायला वेळ कुठे होता?"

मास्तरांनी यावर खरोखरच विचार केला. हनुवटी खाजवली.

"मी फार बोलतो," ते कबुली दिल्यासारखे म्हणाले. "दुकानात गिऱ्हाइकं कंटाळतात. घरी कधी बोललो नाही, म्हणून तुला ठाऊक नाही."

"बोला की."

"आणि घोरतो म्हणे. लेक सांगते."

"अख्खा वॉर्ड घोरताना ऐकलाय मी. तुमचं काय विशेष?"

ते हसले, पण हसू फार टिकलं नाही. रुमालाची घडी उलगडून पुन्हा घालत त्यांनी विचारलं, "पण मग मी काय करायचं?"

विचारताना ते इतके एकाकी दिसले की ती उठून बसली. दुकानाबद्दल ते विचारत नव्हते, हे तिला कळलं. तिची झोप राखायची, एवढ्याभोवतीच तर त्यांनी सगळा संसार बेतला होता. वॉर्डात सामसूम झाली की ती रात्री फोन करायची, आणि पहिल्याच घंटीला ते फोन उचलायचे. सकाळी ती घरी पोचायच्या आत तिच्या अंघोळीचं पाणी तापलेलं असायचं. मग हा माणूस झोपायचा कधी? सगळ्या जगाच्या झोपेची चौकशी करणाऱ्या तिनं हे एवढं एक कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला.

"झोपायचं," ती म्हणाली. "तुम्ही आता झोपायचं."

एजंटबाई फोन संपवून आत आल्या त्या दोघांनाही फरशीवर बघून दारातच थांबल्या. मग आशेनं कुजबुजल्या, "पसंत ना? आज ठरवलंत तर बरं, मागणी आहे इथे."

"बाई, रागावू नका," मास्तर उठत म्हणाले, "पण सगळं उलटं झालंय." आणि त्यांनी हळू आवाजात सगळी हकिकत सांगितली.

एजंटबाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर बूड टेकलं. पदरानं वारा घेतला. "म्हणजे इतके दिवस आपण प्रत्येक घर चुकीच्या वेळी बघत होतो? रात्री कुठे काय चालतं, हे एकदाही न विचारता?" त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. रागावायचं की हसायचं, याचा त्यांचा निर्णय होत नव्हता. "रात्री इथे ट्रकांची रांग लागते, ठाऊक आहे का? मेलेलं माणूस उठून बसेल!"

"मग आता?" सिस्टरनं विचारलं.

"आता काय? एक घर आहे. तुम्हाला मुद्दामच दाखवलं नव्हतं, शाळेच्या मैदानाला लागून आहे म्हणून. दिवसभर पोरांचा नुसता कल्ला. मास्तर तर जिन्यातूनच पळाले असते." त्या उठल्या. "पण पाच वाजले की चिडीचूप. चला, आता माझाही हट्ट आहे, दिवे लागल्याशिवाय मी ते दाखवणार नाही."

दिवेलागणीला ती तिघं तिथे पोचली. शाळेचं फाटक बंद झालं होतं. मैदानावर नुसत्या पावलांच्या खुणा होत्या आणि गोलपोस्टला टेकून कुणाची तरी सायकल. समोरच्या घरांतून भांड्यांचे, बोलण्याचे आवाज येत होते, कुणीतरी कुणाला तरी जेवायला ये म्हणून हाक मारत होतं. खाली रस्त्याला लागून छोटा गाळा होता. मास्तर त्यात शिरले ते बाहेर येईनात. मशीन कुठे, कापायचं टेबल कुठे, गिऱ्हाइकानं बसायचं कुठे, हे सगळं त्यांनी हातवारे करून सिस्टरला दाखवलं, आणि तेही मोकळ्या, खणखणीत आवाजात. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे, हे तिला नवंच होतं. ऐकायला बरं वाटत होतं.

वरचं घर त्यांनी निमूटपणे पाहिलं. मग नेहमीच्या सवयीनं हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"तुला येईल का इथे झोप?"

"माझं सोडा. मी ट्रॉल्यांच्या खडखडाटात उभ्या उभ्या झोपेन. तुम्हाला येईल का?"

"मला?" मास्तर असे बघायला लागले, जसं काही त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी हे विचारलं आहे. "मला काय, मी कुठेही..."

"असं नाही चालायचं. पडून बघा."

ते लाजले. इतक्या घरांत बिनदिक्कत लोळलेला माणूस, पण आता एजंटबाईंसमोर अवघडून गेला. ते बघून बाईच म्हणाल्या, "या सिस्टर, तुम्हाला स्वयंपाकघर दाखवते," आणि तिला आत घेऊन गेल्या.

स्वयंपाकघरात बघण्यासारखं फार नव्हतं, पण बाईंनी ते फार वेळ दाखवलं. ओटा, मोरी, मागचा सज्जा, सज्ज्यातून दिसणारं मैदान. सिस्टर हॉलमध्ये परतली तेव्हा खोलीत अंधारून आलं होतं, आणि मास्तर झोपले होते.

उताणे नव्हेत. इतके दिवस उताणं पडायचे ते ऐकण्यासाठी. झोपायची त्यांची रीत निराळीच होती. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, गालाखाली तळहात. तोंड किंचित उघडं. बारीकसं घोरणं, मध्येच थबकायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मोकळ्या हाताची दोन बोटं सुई धरल्यासारखी एकमेकांना चिकटलेली. कपाळावरची आठी, जी त्यांच्या चेहऱ्याचाच भाग आहे असं ती इतकी वर्षं समजत होती, ती कुठेच नव्हती. सिस्टर भिंतीला टेकून खाली बसली आणि बघत राहिली. किती झोपलेली माणसं पाहिली होती तिनं, पण कुणाकडे बघताना असं भरून आलं नव्हतं. हा माणूस आपल्याला अजून पुरता ठाऊक नाही, असं तिला वाटलं, आणि गंमत म्हणजे त्याची भीती वाटली नाही. हावच वाटली.

एजंटबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत बघून त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मला पुढे एक घर दाखवायला जायचंय," त्या हळूच म्हणाल्या. "उठवू का त्यांना? पसंत आहे की नाही, एवढं तरी विचारू."

"पसंत आहे," सिस्टर म्हणाली. "पण उठवू नका. फार वर्षं जागे आहेत ते."